बंदुकीच्या भागावर कोरण्याआधी पोलाद तपासताना या चुका टाळा

रेखाटन झालं, भाग व्हाइसमध्ये घट्ट बसवला, कोरणीला धार लावली, आणि पहिल्याच रेघेत टोक उडालं. नवशिका कोरणीला दोष देतो, पुन्हा धार लावतो आणि पुन्हा टोक घालवतो. रेघ संपवून कोरणी बाहेर काढताना टोक जात असेल, तर हात सुधारा. पण रेघेच्या सुरुवातीलाच, त्याच जागी तीनदा गेलं, तर पोलाद कठीण आहे. हे रेखाटनाआधीच कळायला हवं होतं.

‘कानस चालली, म्हणजे पोलाद मऊ’

सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं. साधी कानस स्वतःच रॉकवेल सी या कठीणपणाच्या मापावर ६० च्या पुढे असते. त्यामुळे ५० चं पोलादही ती थोडंफार खाते. कोरणाऱ्याची मर्यादा त्याच्या बरीच खाली आहे. हाय स्पीड स्टीलची कोरणी ४० च्या आसपास दमायला लागते. कार्बाइडची त्यापुढे जाते, पण ठिसूळ असल्याने तिचं टोक टवक्याने उडतं. तिथे समोरचा कोन नेहमीच्या ४५ अंशांऐवजी ५० ते ५५ ठेवला, तर टोकामागे जास्त धातू राहतो आणि ते टिकतं.

म्हणून कठीणपणा तपासायच्या खास कानशी घ्या. संचात ४० ते ६५ पर्यंत, पाच-पाचच्या अंतराने सहा कानशी येतात. मी ४० पासून वर जातो. जी सरकते ती भागावर जवळजवळ खूण ठेवत नाही, आणि जी पहिल्यांदा धरते तिच्यापाशी थांबायचं. भागावर एकच ओरखडा पडतो. कानशींचे दात यात लवकर झिजतात, हे खरं. पण कानस बदलता येते, गिऱ्हाइकाचा भाग नाही.

रंगावरून अंदाज

ब्लूइंग, म्हणजे गंज रोखायला रसायनाने चढवलेला निळा-काळा थर, अतिशय पातळ असतो, त्याने पोलाद कठीण होत नाही. नायट्रायडिंग केलेला, म्हणजे पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून कठीण केलेला भागही काळाच दिसतो, पण त्याची कातडी साध्या कानशीला दाद देत नाही. हार्ड क्रोमचा थरही कानशीला दाद देत नाही. नुसत्या रंगावरून कठीणपणा कळत नाही, म्हणून भाग कसा तयार झाला ते आधी विचारा.

केस हार्डनिंगचा घोळ वेगळा. १८७३ च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरची फ्रेम आठवा, तिच्यावरचे निळे-तपकिरी ढगाळ रंग. हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात भाग पुरून तापवायचा आणि पाण्यात बुडवायचा, की वरची मिलिमीटरच्या काही दशांशांची कातडी काचेसारखी कठीण होते, गाभा मऊच राहतो. अशा कामात नक्षी आधी कोरायची, पाणी नंतर द्यायचं, हाच क्रम. रंग चढलेली फ्रेम हातात आली, तर तुम्ही उशिरा पोचला आहात.

इथे यंत्रही फसवतं. रॉकवेल सी चाचणीत हिऱ्याचा शंकू १५० किलोच्या भाराने दाबतात. पातळ कातडी त्याने फुटते आणि आकडा मऊ गाभ्याकडे झुकतो. अशा भागासाठी हलक्या भाराची १५-एन किंवा सूक्ष्म व्हिकर्स चाचणी मागा. गोलाकार पाठीवर घेतलेला आकडाही दुरुस्तीशिवाय कमीच येतो.

चुकीच्या जागी ओरखडा

घोड्याच्या खाचेवर, चापाच्या टोकावर, जिथे दोन भाग एकमेकांवर अडतात तिथे कधीही कानस लावू नका. तिथली रेघ म्हणजे सुरक्षिततेशी खेळ. दस्त्याखाली झाकला जाणारा भाग ठीक, पण तिथला कठीणपणा बाहेरच्यासारखाच असेल असं धरू नका. शेवटचा कौल नक्षीच्या त्या पार्श्वभूमीत घ्या, जी पुढे खोदून काढायचीच आहे. तिथे एक बारीक रेघ मारा. सलग वेटोळं निघालं तर काम करता येईल. भुगा पडला किंवा कोरणी किंचाळली, तर थांबा.

गॅसच्या ज्योतीने मऊ करणं

हे करू नका. अमेरिकेच्या एम १९०३ स्प्रिंगफील्ड रायफलींचं उदाहरण पुरेसं आहे. कारागीर तापलेल्या लोखंडाचा रंग डोळ्याने पाहून तापमान ठरवत. ढगाळ उजेडात आणि लख्ख उन्हात तोच रंग वेगळा दिसतो. पोलाद जास्त तापलं, ठिसूळ झालं, काही रिसीव्हर (नळी जिथे बसते तो दाब झेलणारा मुख्य भाग) फुटले. १९१८ मध्ये पद्धत बदलली, तरी स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या ८,००,००० क्रमांकाखालच्या रायफलींवर आजही संशय आहे. शस्त्रं बनवण्यातच आयुष्य घालवलेल्या माणसांना जे नजरेने जमलं नाही, ते आपल्या टेबलावर ज्योतीने जमणार नाही. दाब झेलणारा भाग मऊ करायचाच असेल, तर तो बंदुकांचं हीट ट्रीटमेंट करणाऱ्याकडेच जायला हवा, आणि कोरून झाल्यावर पुन्हा त्याच्याकडेच. फ्रेम वाकण्याची शक्यता तिथेही असते, ती मालकाला आधी सांगा.

भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमात बंदुकीचे सुटे भागही येतात. परवान्याची कागदपत्रं पाहिल्याशिवाय भाग टेबलावर घेऊ नका, आणि तपासणीसाठी घासताना क्रमांकाच्या जवळपासही कानस नेऊ नका.