"इथे आधी काय होतं?" ठाण्यात राहून ठाणं ओळखायची माझी पद्धत

ऑफिसने मला पाच महिने ब्राझीलला पाठवलं होतं, साल्वादोर नावाच्या शहरात, आणि खरं सांगतो जायच्या आधी मला वाटायचं ब्राझील म्हणजे फुटबॉल आणि कार्निव्हल, बास. तिथे ज्यांच्याकडे भाड्याने राहिलो त्या बाई सत्तरीच्या, आपल्याकडच्या आजीसारख्याच, म्हणजे तुम्ही कुठे जाताय, का जाताय, जेवलात का, सगळं विचारणार. त्यांनी मला भाषा शिकवली नाही पण एक प्रश्न पाठ करून घेतला, "ओ की एरा आकी आंतिस", म्हणजे इथे आधी काय होतं. पाव आणायला गेलास तर बेकरीवाल्याला विचार, केस कापायला गेलास तर तिथे विचार. मी विचारलं आणि बेकरीवाला पाऊण तास बोलला, मला त्यातलं चार आणे कळलं, पण दुसऱ्या दिवसापासून तो मला नावाने हाक मारायला लागला.

तिथल्या जुन्या भागाला पेलोरिन्यो म्हणतात, रंगीबेरंगी घरं, पर्यटकांची गर्दी. त्या नावाचा अर्थ काय, तर ज्या खांबाला बांधून गुलामांना चारचौघांत फटके मारायचे तो खांब. १८८८ पर्यंत ब्राझीलमध्ये गुलामी कायदेशीर होती. आणि तिथेच उतारावर एक निळं चर्च आहे, ते काळ्या लोकांच्या मंडळाने स्वतः बांधलं, दिवसभराचं काम झाल्यावर उरलेल्या वेळात, त्यामुळे बांधायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. आजही तिथे मंगळवारी संध्याकाळी ढोल वाजवून प्रार्थना होते. हे मला कुठल्या गाइडने नाही सांगितलं, रस्त्यावर आकाराजे तळणाऱ्या बाईने सांगितलं (आकाराजे म्हणजे चवळीच्या पिठाचा जाडजूड वडा, पाम तेलात तळतात, मधे चिरून आत कोळंबी घालतात, मिळालं तर सोडू नका).

मग तिथल्या एका कलीगने विचारलं, तुझ्या गावात काय आहे. मी म्हटलं तलाव आहेत... आणि देशातली पहिली प्रवासी ट्रेन आमच्याकडे आली होती... आणि गाडी थांबली. आयुष्य ठाण्यात गेलं, आधी नौपाड्यात चाळीत आणि आता कोलशेतला टॉवरमध्ये, आणि सांगायला दोन वाक्यं. परत आल्यावर तोच प्रश्न ठाण्यात विचारायला सुरुवात केली, त्याला आता तीन वर्षं झाली, काय जमलं आणि कुठे तोंडावर आपटलो ते लिहितो.

सगळ्यात आधी, "इतिहास" हा शब्द तोंडातून काढू नका. "काका, ठाण्याचा इतिहास सांगा ना" म्हटलं की काका एकतर म्हणतात मला काय माहीत बाबा, नाहीतर सरळ शिवाजी महाराजांपासून सुरू करतात आणि तुम्ही ज्या ओट्यावर बसलाय त्याच्यापर्यंत कधी पोचतच नाहीत. समोरच्या वस्तूबद्दल विचारा. ही पायरी एवढी झिजली कशी, या दुकानाच्या पाटीवर जुनं नाव का ठेवलंय, इथे खिडकी होती का पूर्वी.

रस्त्यांची नावं हे सगळ्यात सोपं. मीठबंदर रोड, ठाणे पूर्व, चेंदणी कोळीवाड्यातून जातो. आपण रिक्षावाल्याला शंभर वेळा सांगतो मीठबंदर रोड आणि बंदर कुठलं, मीठ कुठलं, डोक्यात येत नाही. मी तिथे एका कोळीणमावशीला विचारायला गेलो रविवारी सकाळी साडेदहाला, म्हणजे धंद्याच्या ऐन टायमाला, आणि तिने काय सांगितलं असेल, "म्हावरं घ्यायचंय का बाजूला होतोस?" बरोबरच होतं तिचं. बोंबील घेतले, गेलो. पुढच्या आठवड्यात दुपारी एकला गेलो, टोपली रिकामी होत आलेली, तेव्हा ती आपणहून बोलायला लागली, खाडीवरची मिठागरं, मिठाच्या होड्या, सासऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं. तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवा, धंद्याच्या वेळी प्रश्न नाही आणि पहिल्या भेटीत काहीतरी विकत घ्यायचंच. आणि तुम्ही शाकाहारी असाल तर तसं आधीच सांगा आणि नारळी पौर्णिमेला जा, कोळीवाडा तेव्हा तसाही रस्त्यावर असतो.

घोडबंदर पण तसंच. अरबांचे घोडे तिथे उतरायचे म्हणून घोडबंदर असं सांगतात. आता त्या रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये तासभर उभं असताना एवढं तरी आठवतं, डोकं थोडं शांत राहतं.

दुसरं म्हणजे जागा एकच धरा आणि वेळ एकच धरा. मी तलावपाळी धरली, म्हणजे मासुंदा तलावाचा काठ, रविवारी सकाळी सात. पहिले दोन रविवार काहीच झालं नाही, नुसता चहा. तिसऱ्या रविवारी बाकावरचे एक रिटायर्ड सर म्हणाले, तुम्ही इथलेच का हो. झालं. त्या एका बाकावरून जवळपासचं किती सापडतं बघा, कोपिनेश्वराचं मंदिर, जे १७६० मध्ये सरसुभेदार रामजी महादेव बिवलकरांनी नव्याने बांधलं, पोर्तुगीजांच्या काळापासूनचं सेंट जॉनचं चर्च, गडकरी रंगायतन नाट्यगृह, आणि चालत दहा-पंधरा मिनिटांवर टेंभी नाक्याला १८७९ चं यहुदी प्रार्थनाघर. एवढ्याशा जागेत! आणि आपण तिथे जातो कशाला, तर पाणीपुरी आणि खरेदीला. मीपण.

आता पोर्तुगीज. साष्टी (ठाणं त्यातच येतं) आणि वसई त्यांच्याकडे गेली १५३४ मध्ये, आणि साल्वादोर शहर त्यांनी वसवलं १५४९ मध्ये, म्हणजे दोन्हीकडे एकच मालक, जवळजवळ दोनशे वर्षं. हे मला पुस्तकात वाचून नाही, ज्यूस पिताना कळलं. घरमालकीणबाईंनी एक ग्लास पुढे केला आणि म्हणाल्या "काजू". मी म्हटलं काय? काजू. बोंडाचा रस होता. झाड मूळचं त्यांच्याकडचं, शब्द तिथल्या तुपी लोकांच्या भाषेतला, पोर्तुगीजांबरोबर जहाजातून आपल्याकडे आला आणि आता कोकणातला माणूस छातीठोकपणे म्हणतो आमचा काजू. अननसाचंही तेच. पगार, साबण, चावी, घमेलं, परात हे सगळे पोर्तुगीज शब्द. घरी लहान मुलं असतील तर त्यांच्याकडून स्वयंपाकघरातले असे शब्द शोधून घ्या, एक संध्याकाळ मजेत जाते.

ठाण्याचा किल्ला कुठेय विचारलं तर निम्मे लोक म्हणतील किल्ला? कसला किल्ला? अहो सेंट्रल जेल. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, पुरा व्हायच्या आत १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला, १७७४ मध्ये इंग्रजांनी. इथे पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे कैदेत होता आणि १८१६ मध्ये पळाला, गोष्ट अशी सांगतात की पहारा गोऱ्यांचा, त्यांना मराठी येत नव्हतं, मग एका साहेबाकडे नोकरीला लागलेला मोतद्दार घोड्याला खरारा करता करता खिडकीखाली गाणी म्हणायचा आणि त्या गाण्यातच पळायचा सगळा प्लॅन. मला ही गोष्ट भयंकर आवडते. त्याच तुरुंगात १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना फाशी दिलं, कान्हेरे अठरा वर्षांचे. ही जागा बाहेरूनच बघायची, मोबाईल खिशात ठेवायचा, तो चालू तुरुंग आहे, भिंतीचे फोटो काढत उभे राहिलात तर पोलीस विचारणारच आणि त्यांचं चूक नाही.

कलाकार. इथे लोक सगळ्यात जास्त घोळ घालतात. आपल्याला वाटतं कलाकार म्हणजे पोस्टरवरचा. नाटकाला अर्धा तास लवकर जा आणि तिकीट खिडकीवरच्या माणसाशी बोला, नेपथ्याचा टेम्पो रिकामा होत असेल तर बाजूला उभं राहून बघा, मधे मधे करू नका. ठाण्याचं आणि कलेचं नातं काय होतं ते या लोकांना माहीत असतं, मला तिथेच कळलं की जनकवी पी. सावळाराम ठाण्याचे नगराध्यक्ष होते. गाणी लिहिणारा माणूस नगराध्यक्ष! गणपतीच्या कारखान्यात जायचं तर श्रावण लागायच्या बराच आधी जा, नंतर त्यांना जेवायला वेळ नसतो. विचारायचं काय, तर "डोळे कोण काढतं?" या एका प्रश्नावर मी चार कारखान्यांत चहा प्यायलोय. आणि कृपा करून कुणालाही "एक छोटंसं काढून द्या ना" म्हणू नका, फुकट. तुम्ही डेंटिस्टला म्हणता का एक छोटासा दात काढून द्या ना.

एक रविवार नवी मुंबईसाठी ठेवा. सीबीडी बेलापूरला सेक्टर ८ मध्ये आर्टिस्ट व्हिलेज आहे, ठाण्याहून ट्रान्स हार्बरने जा, नेरुळला बदला. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी आखलेली वसाहत, काम १९८३ ते ८६ मधलं. आयडिया बघण्यासारखी आहे, साधारण सात घरं मिळून मधे एक आठ मीटर बाय आठ मीटरचं अंगण, असे तीन गट मिळून अजून मोठी मोकळी जागा, आणि कुणाचीच भिंत शेजाऱ्याला चिकटलेली नाही, म्हणजे ज्याला जसे पैसे जमतील तसं त्याने वाढवायचं, शेजाऱ्याला त्रास नाही. लोकांनी वाढवलंही, काही ठिकाणी मूळ घर पाडून मजलेच चढवले, आर्किटेक्चरवाले हळहळतात पण मला विचाराल तर वाढवायलाच दिलेलं घर वाढवलं तर रडायचं कशाला. मात्र ती लोकांची राहती घरं आहेत, म्युझियम नाही. अंगणात शिरायच्या आधी विचारा, वाळत घातलेल्या कपड्यांसकट फोटो काढू नका. मला एका आजोबांनी हाकललं होतं, दुपारी दोनला गेलो होतो, चूक माझीच.

शेजारी हा सगळ्यात अवघड भाग, निदान टॉवरमध्ये. लिफ्टमध्ये सगळे मोबाईलमध्ये. साल्वादोरला लिफ्टमध्ये शिरलं की अनोळखी माणूसही "बोम जिया" म्हणतो, मी इथे आल्यावर "नमस्कार" म्हणायला लागलो तर दोन महिने लोकांना वाटलं सोसायटीच्या इलेक्शनला उभा राहतोय. शेवटी आईची पद्धत चालली, डबा. काहीतरी केलेलं स्टीलच्या डब्यात घालून द्यायचं, प्लास्टिकचा डबा चालत नाही कारण तो परत येत नाही, आणि आपल्याकडे रिकामं भांडं कुणी परत करत नाही. चौथ्या मजल्यावरच्या आजींना मी साबुदाणा खिचडी दिली, डबा परत आला त्यात गोड पोहे, ओलं खोबरं, साखर, फळांचे तुकडे. मी म्हटलं हा काय प्रकार, त्या म्हणाल्या मलिदा, आमच्याकडे नवस फेडताना करतात. बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातलं यहुदी कुटुंब, घरात बोलतात अस्सल मराठी, माझ्यापेक्षा शुद्ध. कोकणात यांना शनिवार तेली म्हणायचे, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून. टेंभी नाक्याचं ते प्रार्थनाघर मग मी त्यांच्याबरोबरच बघितलं, एरवी बाहेरूनच गेलो असतो.

जे ऐकाल ते लिहून ठेवा, कुणी सांगितलं आणि कधी हे बाजूला, आणि मग तपासा. मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत होतो की १८५३ ची ती पहिली ट्रेन एका इंजिनाने ओढली. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात, जे १८९३ पासून चालू आहे, एका वाचक काकांनी चष्म्यावरून बघत सांगितलं, तीन इंजिनं, साहिब, सिंध आणि सुलतान, डबे चौदा, आणि इतक्या मोठ्याने बोलू नका. लोकांची आठवण चुकते, आपली पण. चुकीची गोष्ट फेकून देऊ नका, फक्त तिच्यापुढे "असं सांगतात" लिहा.

रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा. हे वेगळं सांगायला नको पण लोक करतात.

साल्वादोरच्या बाई अजून व्हॉइस मेसेज पाठवतात. मागच्या महिन्यात त्यांनी विचारलं, तुझी बिल्डिंग आहे तिथे आधी काय होतं. आणि मला माहीत नव्हतं! तीन वर्षं अख्ख्या ठाण्याला विचारत फिरतोय आणि स्वतःच्या पायाखालचं नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या दूधवाल्याला विचारलं, तो कोलशेतचाच आगरी, पिशव्या मोजता मोजता म्हणाला, भातखाचरं होती ना आमची, तुमचं पार्किंग आहे तिथं खळं होतं, बाबांना सगळं माहितेय, बांध कुठला, झाड कुठलं. म्हटलं भेटता येईल का. तो म्हणाला रविवारी या, पण दहानंतर, सकाळी ते घरी सापडत नाहीत, आणि बाबांना कमी ऐकू येतं तर जरा मोठ्याने बोला.