टी काढायचा कसा, संत्र्यांवरून समजून घ्या
टी-टेस्ट (थोड्या नमुन्यांच्या सरासरीवरून एखादा दावा टिकतो का ते तपासायची पद्धत) म्हटलं की पोट्टे घाबरतात, पण गणित चार ओळींचंच आहे भाऊ. समजा नागपूरच्या कळमना बाजारातला व्यापारी म्हणतो संत्र्याचं सरासरी वजन १५० ग्रॅम, तुम्ही ढिगातून कुठलीही १६ उचलली (वरवरची मोठी मोठी निवडून नाही, नाहीतर सगळंच फुकट), वजन केलं तर सरासरी आली १४४ आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (वजनं सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे आहेत ते) १२. ते काढताना सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज १६ ने नाही, १५ ने भागायचं बरं का.

आता १६ चं वर्गमूळ ४, १२ भागिले ४ म्हणजे ३, ही झाली स्टँडर्ड एरर (नमुन्याची सरासरी योगायोगाने साधारण किती हलू शकते ते), अन् इथेच अर्धे लोक वर्गमूळ विसरून सरळ १२ नेच भागून राहिले असतात. मग १४४ वजा १५० म्हणजे उणे ६, भागिले ३, टी आला उणे २. चिन्ह खाऊ नका.

टी च्या टेबलात डिग्री ऑफ फ्रीडम (इथे नमुने वजा एक) १५ ची ओळ बघा, ५ टक्क्यांवर (म्हणजे दावा खरा असूनही चुकून फेटाळायची शक्यता ५ टक्के) दोन्ही बाजूंची, म्हणजे वजन कमी किंवा जास्त दोन्ही बघणारी टेस्ट असेल तर सीमा २.१३१, आपला २ त्याच्या आत, म्हणजे व्यापाऱ्याचा दावा फेटाळता येत नाही. पण "वजन कमी आहे का" एवढंच विचारलं असतं तर सीमा १.७५३, अन् दावा गेला असता! म्हणून प्रश्न तराजू हातात घ्यायच्या आधी ठरवायचा.