नॅसची डिस्क बदलताना आधी जुनी डिस्क तपासा

आमच्या घरच्या नॅसवर, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीवर, आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत, कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या. वडिलांनी काढलेल्या फोटोंचे स्कॅनही तिथेच आहेत. यातलं काही गेलं तर पुन्हा मिळायचं नाही, म्हणून डिस्क बदलण्याच्या कामात मी कुणाचीच घाई चालू देत नाही.

पेटी सिनॉलॉजी कंपनीची, दोन खणांची. आत ४ टीबीच्या दोन डिस्क एसएचआर या सिनॉलॉजीच्या पद्धतीने जोडलेल्या, म्हणजे दोन्हींवर एकच माहिती. त्या ८ टीबीच्या करायच्या तर एक काढायची, नवी घालायची, नॅसच्या स्टोरेज मॅनेजर या प्रोग्रॅममध्ये ‘रिपेअर’ (जुनीवरून नवी डिस्क भरणं) दाबायचं आणि ते पूर्ण झालं की दुसरी बदलायची. काम अडलं की लोक नव्या डिस्कला दोष देऊन दुकान गाठतात. माझा संशय आधी मागे राहिलेल्या जुन्या डिस्कवर जातो.

रिपेअर चालू असताना जुन्या डिस्कवरचा माहितीचा सगळा भाग या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचला जातो. वर्षानुवर्षं कुणी न उघडलेला फोटो ज्या सेक्टरवर (डिस्कच्या छोट्या तुकड्यावर) आहे तो खराब झाला असेल, तर ते नेमकं तेव्हा कळतं. आणि त्या वेळी जोडीला दुसरी प्रत नसते.

म्हणून दोन्ही जुन्या डिस्कची स्मार्ट टेस्ट (डिस्क स्वतःच करते ती तपासणी) आधी करा, तीही ‘एक्स्टेंडेड’. क्विक टेस्ट डिस्कचा सगळा पृष्ठभाग वाचत नाही. रात्री लावून झोपा, सकाळी ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या ओळी बघा. पाचवर बदली दिलेले सेक्टर दिसतात, १९७ वर वाचता न आल्यामुळे ताटकळलेले आणि १९८ वर दुरुस्तच न झालेले. तिन्हींची रॉ व्हॅल्यू, म्हणजे मूळ मोजणीचा आकडा, शून्य हवी. एका डिस्कवर आकडा असेल तर तीच आधी काढा आणि धडधाकट डिस्क मागे ठेवा. दोन्हींवर असेल तर अदलाबदलीच्या फंदात पडू नका. सगळं यूएसबी डिस्कवर कॉपी करा, नव्या डिस्कवर नवा पूल (डिस्क मिळून होणारी साठवणुकीची जागा) करा आणि माहिती परत भरा.

ती यूएसबीवरची कॉपी, आकडे कितीही चांगले असले तरी, आधी घ्याच. जोडीतली एक डिस्क मेली तर दुसरी वाचवते. पण चुकून पुसलेलं फोल्डर दोन्हींवरून एकदमच जातं.

काढलेल्या डिस्कवर खणाचा क्रमांक आणि तारीख लिहून ती कपाटात ठेवा. फॉरमॅट करू नका. नवी डिस्क भरेपर्यंत तीही एक प्रत आहे.

डिस्क काढली की पेटी बीप करत राहते. मावशीचा घाबरून फोन आला होता, “अगं, ही ओरडायची थांबेचना!” पूल ‘डिग्रेडेड’, म्हणजे एका डिस्कविना, झाल्याचा तो इशारा असतो, कंट्रोल पॅनेलमधून बीप बंद करता येतो.

नवी डिस्क दिसतच नसेल तर ट्रे काढून पुन्हा घट्ट बसवा. तरीही नाही दिसली तर ती संगणकाला जोडून बघा. बाहेरच्या यूएसबी डिस्कचं कवच फोडून काढलेली डिस्क असेल तर एक खास अडचण येऊ शकते: अशा काही डिस्कमध्ये पॉवर कनेक्टरच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क फिरतच नाही. ती बिघडलेली नसते. स्मार्टच्या यादीत क्रमांक १९९ चा आकडा वाढत असेल तर तो जोडणीचा दोष समजा, डिस्कचा नव्हे.

रिपेअरला वेळ लागतो. सेकंदाला १५० एमबी धरले तरी ४ टीबीला साडेसात तास होतात. दिवस उलटून गेले आणि टक्केवारी हलत नसेल तर डिस्क एसएमआर प्रकारची आहे का ते पाहा. त्यात पट्ट्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, त्यामुळे सलग लिहिणं रखडतं. २०२० मध्ये डब्ल्यूडीच्या नॅससाठी विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर निघाल्या आणि मोठा गदारोळ झाला. नंतर सीएमआर, म्हणजे पट्ट्या एकमेकींवर न चढवलेल्या, डिस्क ‘रेड प्लस’ नावाने वेगळ्या केल्या गेल्या. विकत घेताना माहितीपत्रकात सीएमआर लिहिलंय याची खात्री करा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

वळवाच्या पावसाच्या दिवसांत हे काम काढू नका. इन्व्हर्टरवर भिस्त ठेवू नका, कारण लाइट जाऊन तो चालू होईपर्यंतच्या क्षणात पेटी रीस्टार्ट होऊ शकते. यूपीएस लावा आणि त्याची यूएसबी वायर नॅसला जोडा, म्हणजे बॅटरी संपत आली की पेटी नीट थांबेल.

पहिली डिस्क बदलल्यावर जागा वाढली नाही म्हणून काळजी करू नका, दुसरीही बदलेपर्यंत ती वाढत नाहीच. मात्र पूल ‘हेल्दी’ दिसेपर्यंत दुसरीला हात लावायचा नाही. दोन्ही झाल्यावर ८ ऐवजी साधारण ७.३ टीबी दिसतील. कंपनी १००० च्या पटीत मोजते, नॅस १०२४ च्या, एवढाच तो फरक.

त्यानंतर काही जुनी फोल्डरं प्रत्यक्ष उघडा, गाणी लावून ऐका, फोटो मोठे करून बघा. सगळं ठीक असेल तरच जुन्या डिस्क पुसा. ज्या डिस्कचे तिन्ही आकडे शून्य आहेत ती यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपसाठी नातेवाइकांकडे, दुसऱ्या घरी ठेवा.