सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे नियोजन: आधी प्रवाहाचे मोजमाप

नव्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे नियोजन यंत्रसामग्री निवडून नव्हे, तर सांडपाणी आणि ते ज्या नदीत सोडायचे ती नदी मोजून सुरू करावे. लोकसंख्येला दरडोई पाणीवापराने गुणून काढलेला आकडा पुरेसा नसतो. कोरड्या आणि पावसाळी अशा दोन्ही काळांत गटारांतील प्रवाह तासागणिक नोंदवावा, कारण गळक्या वाहिन्यांतून शिरणारे भूजल आणि पावसाचे पाणी केंद्राची क्षमता अकारण व्यापते. सोबत जैविक ऑक्सिजन मागणी (सेंद्रिय घाण कुजवताना जीवाणू वापरतात तो ऑक्सिजन; २० अंश सेल्सिअसला ५ दिवसांचा), नायट्रोजन व फॉस्फरस तपासावेत.

पर्यावरणीय परिणामांचा खरा कस नदीच्या नीचांकी प्रवाहाच्या दिवसांत लागतो. तेव्हा सांडपाणी पुरेसे विरळ होत नाही, कोमट पाण्यात ऑक्सिजनही कमी विरघळतो आणि तापमान व सामू (पीएच) वाढल्यास अमोनियाचा विषारी अंश वाढतो. म्हणून वार्षिक सरासरीवर बेतलेली गणिते माशांच्या बाबतीत फसवी ठरतात. निर्जंतुकीकरणासाठी क्लोरीन वापरायचा असल्यास, पाणी सोडण्यापूर्वी उरलेला क्लोरीन काढण्याची सोय आराखड्यातच असावी.

जागा निवडताना पूररेषा, वाऱ्याची दिशा आणि वस्तीपासूनचे अंतर पाहावे. प्रक्रियेतून उरणाऱ्या गाळाकडे मात्र फार दुर्लक्ष होते आणि ते अक्षम्य आहे: तो कुठे जाणार हे ठरल्याशिवाय निविदा काढू नये. जड धातूंचे प्रमाण जास्त असलेला गाळ शेतीला चालत नाही, त्यामुळे कारखान्यांच्या सांडपाण्यावर ते गटारात मिसळण्यापूर्वीच प्रक्रिया बंधनकारक करावी. शेजारच्या रहिवाशांशी चर्चा जागा निश्चित होण्याआधी व्हावी, म्हणजे त्यांच्या हरकतींनुसार आराखडा बदलता येईल.