गाडीवरचे जुने स्टिकर काढताना रंग कसा सांभाळावा

जुनी गाडी घेतली की आधीच्या मालकाचे स्टिकरही सोबत येतात. डिकीवर डीलरचं नाव, काचेवर सोसायटीच्या पार्किंगचा नंबर, मडगार्डवर रेडियमची अक्षरं. ते काढायला बहुतेक जण नखाने सुरुवात करतात, मग किल्ली घेतात, शेवटी थिनर. स्टिकर निघतो, पण रंगाची चमकही जाते. कंपनीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचे असतात आणि त्यातला वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, त्याच्याही निम्म्याहून कमी. एकदा खरवडला गेला की पेंटरशिवाय इलाज नाही. म्हणून क्रम पाळायचा: आधी ऊब, मग तेल, मग साबण, शेवटी पॉलिश.

हात लावण्याआधी काय काढायचं नाही ते पाहा. पुढच्या काचेवर आतून नोंदणी क्रमांकाचा होलोग्रामवाला स्टिकर असतो, पेट्रोल-सीएनजीला फिका निळा, डिझेलला केशरी. तो एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर प्लेटचाच भाग आहे, तो राहू द्या. फास्टॅग उचकटला की आतली पातळ अँटेना तुटते आणि टॅग निकामी होतो. तेव्हा जुन्या मालकाचा फास्टॅग असेल तर आधी त्यांना बँकेत तो बंद करायला सांगा, मगच काढा. बाइकच्या टाकीवरच्या डिझाइनच्या कडेवरून नख फिरवून बघा. कड नखाला लागत नसेल तर ते डिझाइन क्लिअर कोटच्या खाली आहे. ते निघणार नाही, निघेल तो रंगच.

आता स्टिकरभोवतीचा भाग साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा करा. हे टाळू नका. बारीक वाळूचा एक कण कापडाखाली राहिला तरी पुसताना रेघा उमटतात.

मग ऊब द्या. घरातला हेअर ड्रायर पुरतो. तो अर्धा वीत लांब धरून मिनिटभर सतत फिरवत राहा. पत्र्यावर तळहात ठेवता येईल इतपतच गरम व्हायला हवं, चटका बसला तर जास्त झालं. कारखान्यातली हीट गन घरी वापरू नका, तिने रंगाला फोड येतात. ड्रायर नसेल तर गाडी अर्धा-पाऊण तास उन्हात ठेवा.

कोपरा उचलायला बोटाचं नख किंवा जुनं एटीएम कार्ड घ्या. लोखंडी काही नको. कोपरा सुटला की स्टिकर स्वतःकडे सरळ न ओढता मागे दुमडून, पत्र्याला जवळजवळ चिकटलेला ठेवून सावकाश ओढा. गोंद तंतू तंतू होऊन सुटताना दिसतो. तंतू तुटायला लागले, स्टिकर फाटायला लागला, की थांबा आणि पुन्हा ऊब द्या. घाई केली तर वरचा प्लास्टिकचा पापुद्रा निघतो आणि गोंद सगळा खाली राहतो, मग काम दुप्पट. पत्रा पूर्वी बाहेर रंगवून घेतलेला असेल तर आणखी जपून, कारण तो रंग कधीकधी स्टिकरसोबत पापुद्र्यासारखा उठतो. तसं दिसलं तर तिथेच सोडा.

डीलरचं नाव उठावाच्या अक्षरांत असेल तर त्यामागे फोमची दुहेरी टेप असते. ऊब दिल्यावर मासे पकडायचा नायलॉनचा दोरा अक्षराच्या मागे घालून करवतीसारखा मागे-पुढे ओढा. फोम कापला जातो, पत्र्याला काही होत नाही.

उरलेल्या गोंदासाठी गाडी सावलीत घ्या आणि पत्रा थंड होऊ द्या. तापलेल्या पत्र्यावर निलगिरीसारखं तेल आपलं काम करण्याआधीच उडून जातं. खोबरेल तेल किंवा निलगिरीचं तेल कापसाला लावून तो बोळा गोंदावर दहा मिनिटं ठेवा. मग अंगठ्याने हलकेच चोळा. धुळीने काळा झालेला गोंद गोळ्या-गोळ्या होऊन सुटतो. त्या गोळ्या मऊ मायक्रोफायबर कापडाने उचला, पुसत फिरवू नका. जुनाट थर दोन-तीन वेळा असंच करून जातो. बाजारातला डब्ल्यूडी-४० स्प्रेही चालतो, रॉकेलही थोडं चालतं, फक्त लगेच धुवा. निलगिरी, रॉकेल आणि स्प्रे पेट घेतात, तेव्हा इंजिन, सायलेन्सर गरम असताना यातलं काही वापरू नका. पेट्रोलने पुसायची सवय तर सोडाच.

थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर रंगावर नको. हेडलाइटवर आणि प्लास्टिकच्या भागांवर तर मुळीच नको. हेडलाइटचं आवरण पॉलिकार्बोनेटचं असतं, ते धुरकट होतं, त्यात बारीक तडे जातात. तिथे कोमट साबणपाणी आणि खोबरेल तेल, एवढंच.

काचेवर मात्र ब्लेड चालतं. काच साबणाने ओली ठेवा, ब्लेड तिरपं धरा, एकाच दिशेने ढकला. मागच्या काचेवर आतून डिफॉगरच्या, म्हणजे काच गरम करून वाफ घालवणाऱ्या, तांबूस रेघा छापलेल्या असतात, तिथे आतल्या बाजूने ब्लेड लावलं तर रेघ तुटते आणि तो पट्टा गरम होत नाही. त्या बाजूला तेलच वापरा.

सगळं निघालं की साबणाने तेलकटपणा धुऊन काढा. स्टिकरच्या जागी रंग गडद दिसेल, कारण बाकीचा रंग उन्हाने फिका पडलेला असतो. रबिंग कंपाऊंड, म्हणजे रंग बारीक घासणारी पेस्ट, अगदी थोडं घेऊन भोवतालच्या फिक्या भागावर हलक्या हाताने फिरवलं की फरक बराच कमी होतो. पूर्ण जाईलच असं नाही, आणि तो घालवण्याच्या हट्टापायी क्लिअर कोट झिजवू नये. मॅट रंगाच्या गाडीला कंपाऊंड आणि पॉलिश दोन्ही लावू नका, तिथे चकाकणारा डाग कायमचा पडतो. बाकी गाड्यांना शेवटी पॉलिश आणि वॅक्स लावा. त्याच जागी नवा स्टिकर लावायचा असेल तर मात्र वॅक्स नको, त्यावर गोंद धरत नाही.