मोठा भूकंप झाला, आता ज्वालामुखी फुटणार? या चुका टाळा

जगात कुठेही मोठा भूकंप झाला की दुसऱ्या दिवशी फोनवर ठरलेला मेसेज येतो: 'आता ज्वालामुखी जागे होणार.' त्याच ग्रुपमध्ये कुणीतरी तितक्याच ठामपणे लिहितं, 'भूकंपाचा आणि ज्वालामुखीचा काही संबंध नसतो.' भूगोल शिकवताना मला दोन्ही वाक्यं ऐकावी लागतात आणि दोन्ही खोडावी लागतात. मोठ्या भूकंपाने उद्रेक होऊ शकतो, पण त्यासाठी ज्वालामुखी आधीच तयार असावा लागतो. उद्रेक होण्याजोगा वितळलेला शिलारस पोटात पुरेसा साठलेला हवा आणि त्याचा दाबही चढलेला हवा. ही अट विसरली की पुढच्या सगळ्या चुका होतात.

'संबंधच नाही' म्हणून मोकळं होणं

२२ मे १९६० रोजी चिलीत ९.५ तीव्रतेचा भूकंप झाला. उपकरणांनी नोंदवलेला आजवरचा हा सर्वांत मोठा भूकंप. साधारण ३८ तासांनी, २४ मे रोजी, तिथल्या कोर्दोन काउये या ज्वालामुखीत लांबलचक भेग पडून उद्रेक सुरू झाला. पडलेली घरं आणि त्सुनामीच्या धावपळीत तिकडे फारसं कुणाचं लक्षही गेलं नाही.

जपानचं उदाहरण मला अधिक बोलकं वाटतं. २८ ऑक्टोबर १७०७ला तिथे महाभूकंप झाला आणि ४९ दिवसांनी, १६ डिसेंबरला, फुजी पर्वताच्या आग्नेय उतारावर नवं विवर फुटलं. सुमारे शंभर किलोमीटरवरच्या एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, राख पडू लागली. आधी पांढुरकी, मग काळी. भर दिवसा दिवे लावावे लागले. फुजीचा त्यानंतर आजपर्यंत उद्रेक झालेला नाही.

ही दोन उदाहरणं म्हणजे नुसत्या आठवणीतल्या गोष्टी आहेत असंही नाही. लिंडे आणि सॅक्स या संशोधकांनी १९९८ साली जुन्या नोंदी तपासल्या. आठ किंवा त्याहून जास्त तीव्रतेच्या भूकंपांनंतर पहिल्या एक-दोन दिवसांत, साडेसातशे किलोमीटरच्या आत, योगायोगाने होतील त्यापेक्षा जास्त उद्रेक झालेले त्यांना दिसले.

आधीच पेटलेल्याला 'भूकंपाने पेटला' म्हणणं

बातम्यांमध्ये सर्वांत जास्त दिसणारी चूक ही. जुलै २०२५ अखेरीस रशियाच्या कामचात्कात ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला. लगेच क्ल्युचेव्स्कोय ज्वालामुखीची लाल लाव्हा ओकणारी दृश्यं सगळीकडे फिरली. पण क्ल्युचेव्स्कोय भूकंपाच्या आधीपासूनच सक्रिय होता. काही दिवसांतच, ऑगस्टच्या सुरुवातीला, क्राशेनिन्निकोव्ह हा ज्वालामुखीही उसळला, आणि तो मात्र कित्येक शतकं शांत होता. भूकंपाशी नातं जोडायला ही घटना कितीतरी वजनदार आहे. दोन्ही एकाच वाक्यात कोंबल्या की वाचकाला हा फरक कळतच नाही.

म्हणून असा मेसेज आला की आधी एकच गोष्ट बघा: भूकंपाच्या आदल्या महिन्यात तो ज्वालामुखी काय करत होता? जपानमधल्या शिन्मोएदाकेलाही २०११च्या मार्चमधल्या महाभूकंपाशी जोडलं जातं. त्याचा मोठा उद्रेक त्याच वर्षी जानेवारीत सुरू झाला होता.

फक्त जुळलेलीच उदाहरणं मोजणं

जगात वर्षाला साधारण ५० ते ७० ज्वालामुखींचे उद्रेक होतात, आणि आठच्या पुढचा भूकंप सरासरी वर्षाला एखादा होतो. कुठल्याही मोठ्या भूकंपानंतर महिनाभर वाट पाहिली तर कुठे ना कुठे उद्रेक सापडणारच. फिलिपिन्समधला पिनाटुबो १९९१च्या जूनमध्ये फुटला. त्याआधी अकरा महिने, जुलै १९९०मध्ये, त्याच लुझॉन बेटावर मोठा भूकंप झाला होता. हे अंतर पाहता कुणी खात्रीने कार्यकारण सांगू लागलं तर मी तरी मान डोलावत नाही.

न जुळलेली बाजू तर कुणी सांगतच नाही. ११ मार्च २०११चा जपानचा भूकंप ९ तीव्रतेचा होता. देशात शंभराहून अधिक जिवंत ज्वालामुखी. त्यातल्या वीसेक ज्वालामुखींखाली लहान धक्के वाढले, सगळ्यांचे डोळे फुजीकडे लागले, आणि अपेक्षित मोठा उद्रेक झालाच नाही. उलट मोजमापात काही ज्वालामुखी प्रदेश ५ ते १५ सेंटिमीटर खचलेले आढळले. भूकंपाने जमीन ताणली गेली आणि खालचा तापलेला, मऊ भाग बसला.

'जमीन फाटली की लाव्हा वर येतो' हे चित्र

मुलांना मी गोटीसोड्याची बाटली आठवायला सांगतो. भरलेली बाटली हलवून गोटी दाबली की सोडा फसफसून बाहेर येतो. गॅस उडून गेलेली बाटली कितीही हलवा, काही होत नाही. भूकंपाच्या लाटांनी शिलारसातल्या वायूचे बुडबुडे वाढू शकतात, किंवा आजूबाजूच्या खडकांवरचा ताण बदलून वाट मोकळी होऊ शकते. हा कायमचा ताणबदल अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो. हलवणाऱ्या लाटा दूरवर जातात, पण त्याही क्षीण होत जातात. चिलीतल्या भूकंपाने इटलीतला ज्वालामुखी फुटला, असं कुणी सांगितलं तर आधी नकाशा उघडा.

सह्याद्रीची भीती

'आपला सगळा दगड लाव्हाचाच ना, मग किल्लारीसारखा भूकंप झाला तर?' हा प्रश्न काळजीने विचारला जातो, म्हणून नीट उत्तर देतो. दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. तो केव्हाच थिजला आणि त्याला पुरवठा करणारा शिलारस आज खाली नाही. ३० सप्टेंबर १९९३चा किल्लारीचा भूकंप भारतीय भूपट्टाच्या आत साठलेल्या ताणाचा होता. वज्रेश्वरीच्या गरम कुंडांवरूनही खाली ज्वालामुखी असल्याचा निष्कर्ष काढू नका. पाणी भेगांतून खोल जातं, तिथे तापतं आणि परत वर येतं.

भारताचा एकमेव जिवंत ज्वालामुखी अंदमानच्या बॅरन बेटावर आहे. २६ डिसेंबर २००४च्या सुमात्रा भूकंपानंतर पाच महिन्यांनी, मे २००५मध्ये, त्याचा उद्रेक झाला, आणि अनेक लेखांत तो 'त्सुनामीच्या भूकंपाने' झाला असं बेधडक छापलेलं असतं. पण हाच ज्वालामुखी १९९१मध्ये आणि १९९४-९५मध्येही पेटला होता, आणि तेव्हा आधी सुमात्रासारखा महाभूकंप झालेला नव्हता. २००५च्या उद्रेकाबद्दल लिहायचंच असेल तर 'भूकंपाने घाई झाली असू शकते' इथपर्यंतच जावं.