एका हेडरवर किती फॅन? कॅबिनेटचे फॅन जोडताना या चुका टाळा

कॅबिनेटमध्ये सहा फॅन आणि मदरबोर्डवर हेडर, म्हणजे फॅनची केबल लावायच्या पिनांच्या जागा, दोनच. मग स्प्लिटर (एका जोडणीच्या अनेक करणारी केबल) आणायचा, त्याला दुसरा स्प्लिटर लावायचा आणि सगळी वरात एकाच हेडरवर चढवायची, हे सर्रास चालतं. फॅन फिरतात, त्यामुळे शंकाही येत नाही. पण स्प्लिटरने जोडण्या वाढतात, हेडरची ताकद आहे तेवढीच राहते.

बहुतेक मदरबोर्डांवर साध्या फॅन हेडरची मर्यादा 1 अँपियर असते, म्हणजे 12 व्होल्टवर 12 वॅट. पाण्याने थंड करणाऱ्या कूलरच्या पंपासाठी दिलेले हेडर बऱ्याचदा 2 किंवा 3 अँपियरचे असतात, पण अंदाजाने धरू नका, मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असतो. आता फॅन हातात घेऊन मधल्या गोल भागावरचं स्टिकर वाचा. ‘डीसी 12 व्ही, 0.25 ए’ असं काहीतरी दिसेल. असे चार फॅन म्हणजे बरोब्बर 1 अँपियर. कागदावर गणित बसलं, तरी थांबलेला फॅन फिरायला लागताना क्षणभर जास्त करंट ओढतो, आणि कॉम्प्युटर चालू करताना सगळे एकदमच सुटतात. त्यामुळे बेरीज 0.8 च्या पुढे गेली की मी त्या हेडरचा नाद सोडतो. 0.1 अँपियरचे शांत फॅन असतील तर पाच-सहाही खुशाल चालतील, 0.5 चे दणदणीत असतील तर दोनच भारी पडतील. फॅनमधल्या दिव्यांना वेगळी केबल नसेल तर त्यांचाही भार याच हेडरवर येतो, हे बेरजेत धरायचं राहून जातं.

भार जास्त झाला तर काय? नशीब चांगलं असेल तर बोर्डावरचं संरक्षण हेडर बंद करतं. नसेल तर तो हेडर कायमचा जातो.

बेरीज बसत नसेल तर साटा पॉवरवर (पॉवर सप्लायकडून येणाऱ्या चपट्या प्लगवर) चालणारा हब, म्हणजे अनेक फॅन जोडायची डबी, घ्या. साटाच्या प्लगमध्ये 12 व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी 1.5 अँपियरच्या, म्हणजे थेट पॉवर सप्लायकडून 4.5 अँपियर मिळतात. मदरबोर्डकडे जाणारी केबल मग फक्त वेगाचा सिग्नल आणि आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) यांची ने-आण करते. इथेही दोन घोटाळे ठरलेले. एक, हबला साटा केबल लावायचीच राहते आणि एकही फॅन हलत नाही. दुसरा, हब म्हणून घेतलेल्या डबीला साटाचा प्लगच नसतो. तो हब नव्हे, डबीत घातलेला स्प्लिटर. पॉवर सप्लायवर साटाचा प्लग शिल्लक नसेल तर मोलेक्सवर (पॉवर सप्लायच्या जुन्या, चार पिनांच्या मोठ्या प्लगवर) चालणारा हब शोधा. प्लॅस्टिक ओतून बनवलेले स्वस्तातले मोलेक्स-टू-साटा कन्व्हर्टर मात्र नकोत. त्यांच्या आत तारा एकमेकींना टेकून प्लग वितळल्याची उदाहरणं आहेत.

फॅन सतत पूर्ण वेगाने घोंघावतोय? पिना मोजा. तीन पिनांच्या फॅनचा वेग व्होल्टेज कमी-जास्त करून बदलतो, चार पिनांच्या फॅनचा चौथ्या पिनवरच्या पीडब्ल्यूएम (वेग ठरवणाऱ्या) सिग्नलने. तीन पिनांचा फॅन चार पिनांच्या हेडरवर नीट बसतो, पण बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) तो हेडर डीसी मोडवर, म्हणजे व्होल्टेजने वेग बदलण्यावर, नसेल तर फॅन फुल स्पीडला धावतो. साध्या पीडब्ल्यूएम हबवर तर मोड बदलूनही फरक पडत नाही, कारण तिथे 12 व्होल्ट कायम सुरू असतात. हबवर चार पिनांचेच फॅन लावा.

बायोसमध्ये आरपीएम शून्य दिसत असेल आणि फॅन फिरत असतील, तर हबवरचं 1 नंबरचं किंवा वेगळ्या रंगाचं पोर्ट रिकामं आहे का पाहा. वेगाची खबर सहसा त्याच एका फॅनची जाते. स्प्लिटरवरही तसंच, म्हणून एक टोक सोडून बाकीच्यांना मुद्दाम तीनच पिना असतात. याचाच अर्थ बाकीच्यांपैकी एखादा फॅन बंद पडला तर मदरबोर्डला पत्ता लागत नाही. साफसफाईला झाकण उघडाल तेव्हा मशीन चालू करून एकेक फॅन डोळ्यांनी पाहून घ्या; हात मात्र लांब ठेवा.

सुरू होताच सीपीयू फॅनचा एरर आला तर बऱ्याचदा सीपीयू कूलरची केबल चुकून कॅबिनेट फॅनच्या हेडरवर गेलेली असते. मशीन बंद करून ती सीपीयू फॅन लिहिलेल्या हेडरवर लावा.

दिव्यांची केबल लावताना घाई नको. तीन पिनांचे एआरजीबी (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा बदलता येणारे) 5 व्होल्टवर चालतात, चार पिनांचे साधे आरजीबी (सगळे एकाच रंगाचे) 12 व्होल्टवर. 5 व्होल्टचे दिवे रेटून 12 च्या हेडरवर बसवले की ते गेलेच म्हणून समजा.

आणि फॅन अधूनमधून थांबतो म्हणून लगेच बदलायला काढू नका. तापमान कमी असताना काही फॅन मुद्दाम थांबतात. बायोसमध्ये किमान वेग 40 टक्क्यांवर नेऊन पाहा. फिरायला लागला तर फॅन ठीक आहे. नाही लागला, तर मशीन बंद करून तो दुसऱ्या हेडरवर लावा: तिथे फिरला तर दोष पहिल्या हेडरचा किंवा त्याच्या सेटिंगचा, तिथेही ढिम्म राहिला तर फॅनचा.